पाटा भार पेलतो, शॉकअप उसळी आवरतो

बैलगाडीच्या काळात पांदणीतला धक्का आधी बैलाच्या मानेला कळे, मग गाडीवानाला. गाडीवान लगेच कासरा आवरी. आता शेतमाल पिकअपमधून जातो. मुक्या जनावराची कणव उरली नाही, म्हणून धक्का कोणाला बसतो याचा विचारही उरला नाही. तो बसतो मालाला, टायरला आणि गाडीवानाशेजारी बसलेल्या घरच्या माणसाला.

आपल्या नांदेड-लातूरकडची काळी जमीन कापसाला, सोयाबीनला माउली आहे. रस्त्याला मात्र ती सासू आहे. तिच्यातली चिकणमाती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वर खडी टाका की डांबर, खालची जमीन हलली की रस्त्याला लाटा येतात. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला जाणारा हमरस्ता रुंद झाला, पण बांधापासून हमरस्त्यापर्यंतचा तुकडा पुष्कळांच्या वाट्याला अजून कच्चाच आहे. गाडीची हाडे खिळखिळी होतात ती त्या तुकड्यात.

अर्धापूर भागातील एका केळीबागायतदारांनी मला मुद्दाम बोलावले. म्हणाले, "साहेब, माल झाडावर सोन्यासारखा, आडतीवर गेला की काळा पडतोय. कोणता रोग हाय, बघा." बाग पाहिली, घड पाहिले, रोग नव्हता. डाग होते ते हौद्याला घासणाऱ्या बाजूला आणि तळातल्या थरात. हिरव्या केळीला लागलेला मार लगेच दिसत नाही. पिकताना तो काळा होऊन वर येतो. मी म्हणालो, "दादा, औषध बागेला नको, गाडीला हवं."

भरल्यावर गाडी मागे बसते म्हणून त्यांनी मागच्या पाट्यांत दोन जादा पाटे टाकून घेतले होते. गाडीचे बसणे थांबले, पण उसळणे वाढले. मागच्या दोन्ही शॉकअपवर तेलकट धुळीचा थर चढला होता.

पाटा आणि शॉकअप यांची कामे वेगळी आहेत. पाटा भार पेलतो. दबला की तो उसळतो, पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. ही उसळी मोडण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळकांड्यात तेल असते आणि दांडीच्या टोकाला बारीक छिद्रांचा दट्ट्या. चाक वरखाली झाले की तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते. त्यात उसळीचा जोर जिरतो व त्याची उष्णता होते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉकअप हाताला गरम लागतो. निकामी झालेला गारच राहतो. जादा पाट्यांनी उसळीचा जोर वाढतो, आवरणारा मात्र तोच जुना. शिवाय मागची बाजू उंच झाल्याने दांडी कायम ताणलेली राहते. चाक खड्ड्यात लोंबले की दट्ट्या टोकाला आपटतो आणि सील जाते.

परीक्षा घरीही करता येते. पुढचा कोपरा जोराने दाबून सोडावा. एकदा वर येऊन गाडी स्थिरावली तर ठीक. झुलत राहिली तर शॉकअप गेला. मागचे पाटे ताठ असतात, तिथे हा प्रयोग फसवतो. तिथे तेलाची गळती, झिजलेले रबरी बुश आणि टायरवर जागोजागी पडलेले खळगे पाहावेत. उसळते चाक रस्ता सोडते, त्यामुळे ब्रेकही उशिरा लागतो, हे विसरू नये.

दुरुस्तीचे म्हणाल तर, ज्या शॉकअपला वर आट्यांची चकती असते तो उघडता येतो. त्यात नवे सील आणि योग्य प्रतीचे तेल घालावे. इंजिनचे जाड तेल नव्हे. दांडीवर ओरखडे असतील तर नवे सीलही टिकत नाही. कायमचा बंद केलेला शॉकअप भोक पाडून, तेल भरून, वेल्डिंग करून देतात, त्याच्या नादी लागू नये. त्यात दाबाचा वायू असला तर जीवावर बेतेल.

नवा घेताना जाड नळकांड्याचा घेतला तर तेल जास्त मावते व लवकर तापत नाही. मात्र उघडी आणि मिटलेली लांबी जुन्याशी जुळलीच पाहिजे. नेहमी डाव्या-उजव्याची जोडी बदलावी, आणि बुशचे बोल्ट शेवटी गाडी चाकांवर उभी असताना आवळावेत.

वजनाचे काय? जादा पाट्याने गाडीची कागदावरची क्षमता वाढत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड सांगितला आहे.

त्या बागायतदारांनी जादा पाटे काढले, जोडीने शॉकअप बदलले, हौद्यात केळीच्या पानांचा जाड थर घातला आणि भार मर्यादेत आणला. त्यांच्या घरी हिशेबाची वही वहिनींकडे असते. पुढच्या तोडणीनंतर गेलो तेव्हा वही पुढे करून त्या म्हणाल्या, "साहेब, ह्या खेपेला कटती न्हाई."

तोडणीआधी आपण विळ्याला धार लावतो. त्याच दिवशी एकदा गाडीखालीही वाकून पाहावे.