पोयसरच्या टेकडीपाशी

बोरीवली पश्चिमेला उतरून दहिसरच्या बाजूने गेले की मंडपेश्वरची लेणी लागतात. खाली कातळात कोरलेले शिवालय, माथ्यावर पोर्तुगीज काळातल्या चर्चचे पडके अवशेष. याच माउंट पॉइन्सर भागात १९९९ साली सेंट फ्रान्सिस अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, मुंबई विद्यापीठाशी संलग्न.

मी वायरमन. मुलीचा डिप्लोमा झाला, म्हणजे आता पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज. ती म्हणाली, पप्पा, फॉर्म भरण्याआधी कॉलेज बघून येऊ.

लेण्यांपाशी डबा सोडला. इलेक्ट्रिकल सोडून कॉम्प्युटर का, असे मी विचारले. ती हसली. "कॉम्प्युटर म्हणजे बटणेच, पप्पा. नखाएवढ्या चिपवर कोट्यवधी. चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य." तीस वर्षे बटणे बसवली, हे कुणी सांगितले नव्हते!

घोर वेगळाच होता. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या, पण राखीव जागेला जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते, आणि आमच्या हाती नुसती पोचपावती. वाचकहो, शेवटच्या वर्षाची वाट पाहू नका, आम्ही पाहिली.

परतताना स्टेशनजवळ तिने पोचपावतीच्या चार झेरॉक्स काढल्या.