राखणदार नसलेली फळी

स्मरणिकेसाठी आठवणी पाठवाव्यात, असे वसतिगृहाचे पत्र आले, तेव्हा आम्ही तिघांनी वेगवेगळे न लिहिता एकच लेख लिहायचे ठरवले. 1984 ते 1987 या काळात आम्ही एकाच खोलीत राहिलो. जी गोष्ट येथे सांगायची आहे, तिच्यात तिघांचाही वाटा सारखाच आहे. आज आमच्यापैकी एक शिक्षक आहे, एक एस.टी.त वाहक आहे आणि एक नवी मुंबईत नोकरी करतो.

भोजनगृहाच्या पडवीत फणसाच्या लाकडाची एक फळी होती, हे त्या काळातील विद्यार्थ्यांना आठवत असेल. तिच्यावर वह्या, शिसपेन्सिली, साबणाच्या वड्या, खोबरेल तेलाच्या बाटल्या आणि पोस्टकार्डे मांडलेली असत. भिंतीवर खडूने दर लिहिलेले असत. शेजारी कुलूप नसलेला पत्र्याचा डबा आणि दोरीने बांधलेली नोंदवही असे. वस्तू घ्यायची, डब्यात पैसे टाकायचे आणि वहीत लिहायचे. पैसे नसतील तर ‘उधार’ लिहायचे. आपल्या कोकणात प्रत्येक गावाला राखणदार असतो. त्या फळीला मात्र नव्हता.

आज ही व्यवस्था किरकोळ वाटेल. पण ज्या घरांतून आम्ही आलो होतो, त्या घरांना ती किरकोळ नव्हती. बाजारात दुकानापुढे उभे राहिलो की दुकानदाराची नजर आधी आमच्या हातांवर जाई. आमच्या आजोबांच्या पिढीने तर पैसे लांबून ठेवले आणि माल वरून झेलला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले. तेव्हापासून अशा वसतिगृहांनी आपल्या मुलांना जेवण आणि पुस्तके दिली, हे सर्वच लिहितात. आमच्या वसतिगृहाने आम्हांला आणखी एक गोष्ट दिली. तेथे आमच्या हातांवर कोणाचा पहारा नव्हता.

आणि तेथेच आम्ही चोरी केली.

आठवीत असताना, ऐन पावसाळ्यात, आम्ही फळीवरून साबणाची एक वडी उचलली. किंमत तीन रुपये. कोणी उचलली हे वेगळे सांगत नाही, कारण तिघांनीही ती संपेपर्यंत वापरली. रविवारी गुरुजींनी हिशेब केला, तेव्हा अकरा रुपये कमी भरले. उरलेले आठ रुपये कोणाचे होते, ते आम्हांला आजही ठाऊक नाही. मुलांनी मात्र एका क्षणात चोर ठरवला. त्याच वर्षी एक मुलगा नव्याने दाखल झाला होता. त्याच्या पेटीला कडी नव्हती आणि अंगावर एकच सदरा होता. सर्वांनी मागणी केली, “गुरुजी, पेट्या तपासा.” त्या आवाजात आमचाही आवाज होता.

गुरुजी म्हणाले, “मुलांनो, पेट्या उघडायच्या नाहीत. पेटीत काही सापडो वा न सापडो, एकदा ती उघडली की त्या मुलाकडे पाहणारे डोळे बदलतात.” फळी होती तशीच राहिली. महिन्याभराने, रात्रीच्या वंदनेनंतर, आम्ही तीन रुपये डब्यात टाकले आणि सुटलो असे मानले. तो मुलगा दिवाळीच्या सुटीनंतर परत आला नाही. घरची अडचण होती असे सांगितले गेले. ते खरेही असेल. पण त्या महिन्याभरात त्याच्या पंक्तीला बसायला कोणी तयार नव्हते, हे आम्ही पाहिले होते आणि गप्प राहिलो होतो.

ही गोष्ट आम्ही चाळीस वर्षे कोणाला सांगितली नाही. ती आज सांगण्याचे कारण गेल्या वर्षी घडले. एका लग्नासाठी आम्ही तिघे सहकुटुंब नवी मुंबईत जमलो होतो. परतण्यापूर्वी एका मोठ्या दुकानात खरेदी केली. तेथे काही गल्ल्यांवर माणूसच नव्हता. ग्राहकाने प्रत्येक वस्तूवरचा बारकोड यंत्रापुढे धरायचा, पडद्यावर किंमत उमटली की वस्तू पिशवीत टाकायची आणि शेवटी मोबाइलने पैसे भरायचे. मालवणला येऊन पिशव्या उपसल्या, तेव्हा बदामाची दोन पाकिटे निघाली. बिलात एकच होते.

घरातली तरुण मंडळी हसली. त्यांचे म्हणणे सरळ होते. कंपनी कोट्यवधींची आहे. गल्ल्यावरची माणसे कमी करून त्यांचे काम तिने आपल्याकडून फुकट करवून घेतले. मग एखादे पाकीट जास्त आले, तर ती आपली मजुरी समजावी. परदेशात तर लोक महागडी फळे काट्यावर ठेवून पडद्यावर कांद्याचे चित्र दाबतात, असेही त्यांनी सांगितले.

हा युक्तिवाद आम्ही उडवून लावला नाही. त्यात एक खरी गोष्ट आहे. 1916 साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ग्राहकाने स्वतः फळीवरून माल उचलायचे दुकान काढले. तोवर माल काढून देणे हे नोकराचे काम होते; ते ग्राहकाकडे आले. आता पैसे मोजण्याचे कामही आले. दुकानदाराचा खर्च वाचला आणि त्याबरोबर मोहही वाढला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मजुरी आपली आपण ठरवून, कोणाला न सांगता उचलता येते का? आपल्या किनाऱ्यावर रापण ओढतात, तेव्हा दोरीला हात लावणाऱ्याला मासळी मिळते. ती वाटणीच्या वेळी, सर्वांच्या देखत मिळते. वाटे पडण्याआधी वाळूवरचा सुरमय कोणी सदऱ्याखाली घातला, तर त्याने दोरी ओढली होती म्हणून ती मजुरी ठरत नाही.

दुसऱ्या शीलाचा शब्द ‘चोरी’ असा नाही. तो ‘अदिन्नादान’ आहे, म्हणजे न दिलेले घेणे. विनयपिटकात या नियमाचे मूळ धनिय नावाच्या भिक्षूच्या गोष्टीत आहे. राजगृहाच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेले राजाचे लाकूड त्याने कुटीसाठी नेले. बिंबिसार राजाने विचारले, तेव्हा तो म्हणाला की राज्याभिषेकाच्या वेळी आपणच श्रमणांना गवत, लाकूड आणि पाणी दिले आहे. राजाने सांगितले की ते बोलणे अरण्यातल्या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या वस्तूंविषयी होते. राजाने त्याला शिक्षा केली नाही. बुद्धांनी मात्र नियम घातला. धनियाचा युक्तिवाद आणि आमच्या मुलांचा युक्तिवाद यांत आम्हांला फारसे अंतर दिसले नाही. देणाऱ्याच्या शब्दाचा आपल्या सोयीचा अर्थ लावणे, हेच दोन्हींत आहे.

अट्ठकथांनी अदिन्नादानाची पाच अंगे सांगितली आहेत: वस्तू दुसऱ्याची असणे, ती दुसऱ्याची आहे हे माहीत असणे, चोरीचे चित्त, त्यासाठी केलेली खटपट आणि प्रत्यक्ष हरण. दुकानात आम्हांला माहीत नव्हते, चित्तही नव्हते. म्हणून ती चोरी नव्हती. पण बिल वाचले, त्या क्षणापासून पाकीट ठेवून घेणे हा आमचा निर्णय ठरणार होता. किमतीचा प्रश्नही जुनाच आहे. विनयात पाच मासकांची मर्यादा आहे. त्याहून कमी किमतीच्या वस्तूला दोष सौम्य, पण दोष आहेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्येही, चोरीचा माल 5000 रुपयांहून कमी किमतीचा असेल, अपराध पहिलाच असेल आणि माल वा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे. दोन्ही ठिकाणी मोजमाप शिक्षेचे आहे, कृत्याचे नाव तेच राहते.

तरीही पुढच्या फेरीत आम्ही ते पाकीट परत नेले, ते या विचारांमुळे नव्हे. आमच्यातल्या वाहकाने त्या संध्याकाळी एकच वाक्य उच्चारले: “प्रवाशान तिकीट काढल्यान नाय, तर पयलो जाब माकाच इचारतत.” विनातिकीट प्रवासी उतरून जातो आणि पिशवी तपासली जाते ती वाहकाची. आम्ही तिघेही गप्प झालो. तिघांच्याही डोळ्यांपुढे तोच कडी नसलेला पेटीवाला मुलगा होता.

दुकानात त्या यंत्रांजवळ एक मुलगी मदतीला उभी होती. पाकीट आणि बिल पुढे केले, तेव्हा ती गोंधळली. बिलावर नसलेली वस्तू परत घेण्याची सोय संगणकात नव्हती. शेवटी तिने पाकीट यंत्रापुढे धरले आणि आम्ही त्याचे पैसे भरले. माल कमी भरला की काय होते, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “काका, महिन्याच्या मोजणीत कमी आलं की त्या पाळीत कोण होतं ते बघतात. जाताना आमच्या पिशव्याही बघतात.”

मालक गडगंज आहे, हे खरे मानले तरी उचललेल्या वस्तूचा संशय मालकापर्यंत जात नाही. तो यंत्राशेजारी उभ्या असलेल्या मुलीवर, साफसफाई करणाऱ्या बाईवर, मळक्या कपड्यांतल्या पुढच्या ग्राहकावर जाऊन बसतो. एकेकाळी तो आमच्या आजोबांवर बसला होता. शनिशिंगणापुरात घरांना दारे नाहीत, तेथे देवाचा धाक आहे असे सांगतात. आमच्या फळीला देवही नव्हता आणि कॅमेराही नव्हता. तेथे आमच्या भरवशावर आणखी एक मुलगा उभा होता आणि आम्ही त्याला पाहिले नाही. डब्यात तीन रुपये टाकून साबणाचे पैसे फिटले. त्या मुलाचे देणे तसेच राहिले. तो हा लेख वाचत असेल, तर आम्ही त्याची क्षमा मागतो.

ती फळी आता पडवीत नाही, असे कळले. संस्थेला आमची विनंती आहे की या वर्षी ती पुन्हा लावावी. पहिल्या वर्षाचा माल आम्ही तिघे देऊ. महिन्याअखेरीस हिशेब कमी भरला, तर कोणाचीही पेटी उघडू नये. गुरुजींनी केले होते तेच करावे: रात्रीच्या वंदनेनंतर किती रुपये कमी आले, तो आकडा तेवढा वाचून दाखवावा आणि फळीवर माल पुन्हा मांडावा.

जयभीम.