केमचे कुंकू आणि गाडीचे लाल दिवे

मैत्रिणींनो, सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले केम तुम्ही पाहिले आहे का? नसेल पाहिले, पण तुमच्या करंड्यातले कुंकू कदाचित तिथूनच आलेले असेल. केम म्हणजे कुंकवाचे गाव!

पुण्याहून गाडीने निघालात तर भिगवणच्या बाजूला उजनीचे पाणी लागते. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात. डबा तिथेच उघडा. पुढे टेंभुर्णीहून केमकडे वळायचे. रेल्वेनेही जाता येते. दौंड-कुर्डुवाडी मार्गावर केम स्टेशन आहे, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत, तेव्हा वेळापत्रक पाहून निघा.

आम्ही गाडीने गेलो. आमच्या ह्यांचा गुडघा दुखतो, म्हणून मुलाने गाडीला बाहेरून क्रूझ कंट्रोल बसवून दिला होता. बटण दाबले की गाडी ठरवलेल्या वेगाने चालते, पाय उचलून ठेवता येतो. राल्फ टीटर या अमेरिकन इंजिनिअरला १९५० मध्ये याचे पेटंट मिळाले. नवल म्हणजे तो लहानपणापासून अंध होता! महिनाभर यंत्र छान चालले. त्या दिवशी मात्र बटण दाबले तरी ते काही केल्या धरेना. “बसवणाऱ्यानं फसवलं,” म्हणून हे वाटभर धुसफुसत होते.

केमला उत्तरेश्वराचे दर्शन घेतले आणि कुंकू घ्यायला थांबलो. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. चुना किंवा टाकणखार घालून हळदीचे कुंकू करायचे, त्याच्या मुळाशी हीच करामत. हल्ली बाजारात नुसता रंग मिसळलेलेही मिळते, तेव्हा आधी थोडे लावून पाहा. कपाळाला खाज सुटली तर ते वापरू नका.

पुडी बांधता बांधता विकणारी बाई म्हणाली, “अवं मावशी, गाडीचं मागचं लाल दिवं चालूच हायेत की!”

पाहते तर खरेच! गाडी बंद, किल्ली ह्यांच्या हातात, आणि ब्रेकचे दिवे जळताहेत. मला धस्स झाले. म्हणजे वाटभर आम्ही ब्रेक कधी दाबतो, हे मागच्याला कळतच नव्हते!

परतताना वाटेतल्या एका गॅरेजात गेलो. तिथला पोऱ्या म्हणाला, “क्रूझची ब्रेकची वायर तोडतो, लगेच चालू होईल.” मी म्हटले, “नको रे बाबा! मग ब्रेक दाबल्यावर यंत्र सुटणार कसे?” तेवढ्यात म्हातारा मिस्त्री आला. त्याने पेडलच्या वर बॅटरी मारून पाहिले. तिथे प्लॅस्टिकची एक छोटी टिकली असते, ती पेडल वर आले की ब्रेकचा स्विच दाबून धरते. आमची टिकली झिजून, तुकडे होऊन पडली होती. स्विच मोकळा, म्हणून दिवे चालू, आणि ब्रेक दाबलेला आहे असे समजून यंत्र बंद. नवी टिकली बसवली, दिवे विझले, क्रूझही चालू झाला. चूक बसवणाऱ्याची नव्हतीच!

तुमच्याही गाडीला असे यंत्र असेल तर एवढे लक्षात ठेवा:

• यंत्र धरत नसेल तर आधी मागचे दिवे पाहा. एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने मागे उभे राहावे. दाबल्यावर लागायला हवेत, सोडल्यावर विझायला हवेत.
• क्लचवर पाय टेकवून ठेवू नका. त्यानेही यंत्र सुटते.
• गाडी फार हळू असेल तर ते धरत नाही. तो बिघाड नव्हे.
• पावसात, घाटात आणि गर्दीत ते वापरूच नका.
• ब्रेकची वायर कुणालाही तोडू देऊ नका.

केमला जाल तेव्हा कुंकू जरूर आणा. आणि निघण्याआधी एकदा गाडीच्या मागे जाऊन या. ह्यांना म्हणावे, “जरा ब्रेक दाबा पाहू!”