वाटणी आणि सामाईक

संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यातील तासगाव, खानापूर, वाळवा आणि शिराळा हे तालुके वेगळे काढून व त्यांस मिरज-जतकडील संस्थानी मुलूख जोडून दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला, आणि १९६० मध्ये त्याचे सांगली असे नामांतर झाले. हद्दी कायम झाल्या, दप्तरे निराळी झाली, परंतु महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा दोन्ही जिल्ह्यांची राहिली. एकाच संगणकात विंडोज आणि लिनक्स नांदविण्याच्या माझ्या व्यवसायातही हद्द आखणे सोपे आणि सामाईकाचा बंदोबस्त अवघड, हाच अनुभव पदोपदी येतो.

छापखानेवाल्यास श्रीलिपीतील जुन्या मजकुरासाठी विंडोज हवे असते, कॉलेजात जाणाऱ्या त्याच्या चिरंजीवास लिनक्स. सर्व ऐवजाची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, बिटलॉकर असल्यास त्याची किल्ली हाताशी ठेवावी, आणि विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटकडून सी ड्राइव्ह आकसून घ्यावा, कारण मूळ कब्जेदाराने आपण होऊन सोडलेली जागाच निर्वेध असते. पूर्वीच्या एमबीआर पद्धतीत ५१२ बाइटांच्या पहिल्या सेक्टरात वाटणीच्या तक्त्यास अवघे ६४ बाइट, म्हणून मुख्य नोंदी चारच. आताच्या जीपीटीत रूढ मांडणीने १२८ नोंदी मावतात आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस जपलेली असते.

तंटा उद्भवतो तो याच्या पुढे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज बंद झाल्यासारखे दिसूनही आपले दप्तर पुरते मिटत नाही, आणि अशा वेळी लिनक्सने त्याच्या विभागात लिहिले तर फायली बिघडण्याची भीती असते. म्हणून ती सोय आधी बंद करावी. घड्याळ तर उघडउघड सामाईक: त्यातील वेळ विंडोज स्थानिक मानते, लिनक्स बहुधा जागतिक, त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये येताच सकाळच्या साडेदहाला पडद्यावर पाच वाजलेले दिसतात आणि बिलावर पहाटेची वेळ छापली जाते. एका आज्ञेने लिनक्सलाही स्थानिक वेळ पाळावयास लावता येते, पण ती द्यावयाची आठवण आधी हवी.

म्हणून गिऱ्हाईक जेव्हा ‘दोघांना निम्मे-निम्मे द्या’ म्हणते, तेव्हा मी प्रथम विचारतो, ‘दोघांनी मिळून वापरायचे काय काय?’ आणि त्याचे उत्तर कागदावर उतरल्याखेरीज सी ड्राइव्हला हात लावीत नाही.