हातात किती?

दहा तारखेला पहिली पाळी सुटली की दादा, म्हणजे माझे वडील, कंपनीच्या बसने निगडीला उतरायचे, घरी येऊन हातपाय धुवायचे आणि पगाराचं खाकी पाकीट देवापुढे ठेवायचे. आई त्यावर हळदकुंकू वाहायची. मग ताई नोटा मोजायला बसायची आणि पाकिटातली लांबट पगारचिठ्ठी वाचून दाखवायचं काम माझं. ‘कपात’ हा शब्द मी शाळेत नाही, त्या चिठ्ठीवर शिकलो. पीएफ, पतपेढीची वर्गणी, एलआयसीचा हप्ता. मी एकेक आकडा वाचायचो आणि आई एवढंच विचारायची, “हातात किती?”

कापले गेलेले पैसे तिच्या हिशोबात नव्हतेच. किराणा, दूध, आमच्या फिया, गावी आजीला मनीऑर्डर, सगळं हातातल्या रकमेतून. उरलेच तर भिशी.

1980 च्या दशकातलं आमचं पिंपरी-चिंचवड असं होतं. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. आकुर्डीला बजाज आली, मागोमाग टेल्को. साताऱ्याकडून, नगरकडून, मराठवाड्यातून माणसं आली. त्यांच्या गावात पेन्शन मिळायची ती मास्तरांना आणि फौजेतून परतलेल्यांना. बाकीच्यांच्या म्हातारपणाची सोय म्हणजे मुलगा आणि जमीन. कारखान्याने त्यांना तिसरी सोय दिली. 1952 च्या कायद्याने पीएफ, 1972 च्या कायद्याने ग्रॅच्युइटी. मुलीच्या बापाने ‘मुलगा परमनंट आहे ना?’ असं विचारलं, की त्या एका शब्दात हे सगळं आलं.

दादांनी गुंतवणूक हा शब्द कधी उच्चारला नाही. बोनस झाला की दिवाळीची खरेदी आटोपून उरलेल्या रकमेतून ते पोस्टात किसान विकास पत्र घ्यायचे. 1988 साली ते सुरू झालं तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट व्हायचे. आज त्याच पत्राला 115 महिने लागतात. 1989-90 पासून पुढची दहा-अकरा वर्षं पीएफवर 12 टक्के व्याज मिळालं, म्हणजे साधारण सहा वर्षांत दुप्पट. वर्षाला एकदा पीएफची स्लिप यायची. दादा ती चष्मा लावून वाचायचे आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून द्यायचे. ताईच्या लग्नात त्यांनी पतपेढीचं कर्ज काढलं, पण पीएफला हात लावला नाही. “ते आपले पैसे नाहीत,” ते म्हणायचे, “ते म्हाताऱ्या दादाचे आहेत.”

2005 साली ते निवृत्त झाले. तेव्हा कळलं, की त्या काळातलं सगळंच सोन्याचं नव्हतं. 1995 मध्ये सुरू झालेल्या पेन्शन योजनेतून त्यांना मिळालेली पेन्शन तेराशेच्या घरात होती आणि ती शेवटपर्यंत तेवढीच राहिली. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. पगार धरताना मर्यादा 6,500 रुपयांची, तिला 1995 नंतरच्या सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि 70 ने भागायचं; त्याआधीच्या वर्षांचे थोडेच मिळायचे. 2014 मध्ये मर्यादा 15,000 झाली, किमान पेन्शन 1,000 ठरली. पण 15,000 धरून 35 वर्षं मोजली, तरी हातात येतात 7,500. आयुष्यभर घाम गाळलेल्या माणसाला हे फार थोडं आहे, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. दादांना तारलं ते पेन्शनने नाही. न मोडलेल्या पीएफने तारलं. ती रक्कम त्यांनी नुकत्याच सुरू झालेल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 9 टक्क्यांनी ठेवली आणि दर तिमाहीच्या व्याजावर ताठ मानेने जगले.

आता ताईचा मुलगा चाकणला आहे. ज्या माळावरून आम्ही लहानपणी एसटीने जायचो, तिथे 2009 मध्ये फोक्सवॅगन आली, 2010 मध्ये महिंद्रा, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या तर म्हाळुंगे-निघोज्यापर्यंत पसरल्या. भाचा आयटीआय झालेला, हातात कसब आहे. पण सात वर्षांत चार कंपन्या झाल्या, चारही ठिकाणी ठेकेदारामार्फत. दर वेळी नोकरी सुटली, की दोन महिन्यांनी त्याने पीएफ काढून घेतला. त्याला मी कसा दोष देऊ? दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात खोलीचं भाडं थांबत नाही.

एका रविवारी आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. बाविसाव्या वर्षी त्याने पहिल्यांदा काढलेले 30,000 रुपये 8 टक्क्यांनी नऊ वर्षांत दुप्पट झाले असते. अठ्ठावन्नपर्यंत चार वेळा दुप्पट, म्हणजे सुमारे 4 लाख 80 हजार. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर तेव्हाच्या 4 लाख 80 हजारांत बाविसाव्या वर्षीच्या 60 हजारांएवढंच येईल, हेही मी सांगितलं. म्हणून सगळं पीएफमध्येच नको, थोडं शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडातही हवं. तिथे चढउतार असतात, पण त्याच्याकडे तीस वर्षं आहेत. मग दुसरा हिशोब केला. महिन्याला 2,000 रुपये, 8 टक्के दराने, तीस वर्षं : जवळजवळ 30 लाख. तेच दहा वर्षं उशिरा सुरू केलं, तर 12 लाखांच्याही आत. भरलेल्या पैशांत फरक फक्त 2 लाख 40 हजारांचा.

दादांना जे कधी मिळालं नाही ते त्याला मिळतं, हेही खरं. पाचशे रुपयांपासून एसआयपी, 2009 पासून सर्वांना खुली झालेली एनपीएस ही पेन्शन योजना, मोबाइलवर पीएफचं पासबुक. 2014 पासून पीएफचा यूएएन क्रमांक एकच राहतो, कंपनी बदलली तरी जुनं खातं नव्याला जोडता येतं. आणि जोडत गेलं, तर पेन्शनला लागणारी दहा वर्षं भरतात. पेन्शनचे पैसेही काढून घेतले, की मोजणी पुन्हा शून्यावर.

त्याला मिळत नाही ती टिकून राहणारी कपात. दादांचा पैसा हात लागण्याआधीच बाजूला होत होता आणि नोकरी एकच असल्याने पस्तीस वर्षं कुणी त्याला हलवलं नाही. भाच्याला हे स्वतःच स्वतःसाठी करावं लागणार आहे. कपात करणारा तोच, ट्रंकेला कुलूप लावणाराही तोच.

त्याचा पगार सात तारखेला होतो. त्याने एसआयपीची तारीख आठ ठेवली आणि चौथ्या कंपनीचा पीएफ न काढता पाचव्या कंपनीच्या खात्याला जोडला. परवा ताई त्याला विचारत होती, “नव्या कंपनीत हातात किती येतात रे?”

त्याने दोन हजार वजा करून आकडा सांगितला.