गिअर नाही म्हणून परवानगी नाही

संपादकांनी लेख मागताना एक अट घातली: कलमं आणि तांत्रिक तपशील कमी, अनुभव जास्त. वाहतूक शाखेत रस्ता सुरक्षेच्या प्रबोधनाचं काम मी बरीच वर्षं करते आहे. शाळा, कॉलेज, रिक्षा स्टँड, बचत गटांच्या बैठका, जिथे बोलावतील तिथे जाते. अट पाळायचा प्रयत्न करेन, पण एका कलमाशिवाय पुढे जाता येणार नाही. सध्या जे प्रकरण डोक्यातून जात नाही, त्याची सुरुवातच तिथे आहे.

गेल्या पावसाळ्यात दहावीतला एक मुलगा रात्री क्लासवरून आईच्या स्कूटरवर घरी येत होता. वळणावर गाडी दुभाजकावर आदळली. पंचनाम्याच्या वेळी मी तिथे होते. हेल्मेट गाडीसोबत होतं, पाय ठेवतो त्या जागेवरच्या हुकाला अडकवलेलं. त्याच्या काचेवरची दुकानातली पातळ प्लॅस्टिकची फिल्मसुद्धा निघालेली नव्हती. मुलगा वाचला. डोक्याला मार आहे, बोलताना अजून शब्द अडतात. त्याच जानेवारीत त्याच्या शाळेत आमचा कार्यक्रम झाला होता आणि चित्रकला स्पर्धेचं बक्षीस यालाच मिळालं होतं. विषय हेल्मेटचाच होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याच्या वडिलांनी मला विचारलं, “मॅडम, गिअर नसलेली गाडी सोळाव्या वर्षी चालते ना? त्याला सोळा पूर्ण झालीत.” ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि तसंच वाटणारे पालक मला प्रत्येक शाळेत भेटतात.

म्हणून हे नीट सांगते. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ४. सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायला वय १८ पूर्ण हवं. याला एक सवलत आहे: इंजिनाची क्षमता ५० सीसीपेक्षा जास्त नसेल, तर अशी दुचाकी १६ पूर्ण झाल्यावर चालवता येते. लुना रस्त्यावर होती त्या काळात ही सवलत खरोखर वापरातली होती. आज दुकानात मिळणारी पेट्रोलची स्कूटर बहुतेक वेळा ११० किंवा १२५ सीसीची असते. गिअर हाताने बदलावा लागत नाही एवढ्यावरून ती त्या सवलतीत बसत नाही. मुलाला सोळाव्या वर्षी आरटीओकडून विनागिअरचं लायसन्स मिळतं, ते घरात सगळे पाहतात, आणि त्याला ५० सीसीची मर्यादा आहे हे कोणी पाहत नाही. बॅटरीच्या स्कूटरचंही तसंच. २५० वॉटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे न जाणारी गाडी कायद्याने मोटार वाहन ठरत नाही. त्याहून जोरात पळणारी ठरते, मग तिला आवाज नसला तरी.

२०१९ च्या दुरुस्तीने १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. पालकांच्या संमतीनेच गाडी चालवली असं न्यायालय गृहीत धरतं. आपल्याला माहीत नव्हतं हे पालकांनाच सिद्ध करावं लागतं.

कायदा इतका कडक का, हे मुलांना सांगताना मी मैदानावर फक्कीने रेघा आखते. ताशी ४० किलोमीटरने येणाऱ्या गाडीपुढे कोणी आलं, तर ते दिसून ब्रेक दाबेपर्यंत सेकंदभर जातो. तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक लागल्यावर थांबायला आणखी दहाएक मीटर लागतात. पहिली रेघ २१ मीटरवर. आता तीच गाडी ताशी ६० ने आणा. ब्रेक दाबेपर्यंतच ती १७ मीटर जाते. जिथे पहिली गाडी पूर्ण थांबली, त्या रेघेवर दुसरीचा वेग अजून पन्नासच्या वर असतो. ओल्या रस्त्यावर याहून वाईट. वेग दीडपट झाला की आघाताची ऊर्जा सव्वादोन पट होते, हे गणित दहावीच्या मुलाला येतं. पण रेघेवर उभं राहून मागची रेघ पाहिली की तो गप्प होतो. भाषणाने मुलं अशी गप्प होत नाहीत.

या कामाचा उपयोग किती होतो, ही शंका मला आहे आणि ती मी लपवत नाही. शाळांमधून दिल्या जाणाऱ्या वाहनचालन-शिक्षणाचा, संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००१ साली प्रसिद्ध केलेला आढावा मी अनेकदा वाचला आहे. अशा शिक्षणाने अपघात कमी होतात याचा पुरावा त्यांना सापडला नाही. मुलं लायसन्स मात्र लवकर काढतात, असं दिसलं. २०२१ साली जानेवारीतला रस्ता सुरक्षा सप्ताह महिनाभराचा झाला. तरी सभागृहात तीनशे मुलं बसवून, शपथ देऊन, फोटो काढून होणाऱ्या कार्यक्रमावर माझा विश्वास उरलेला नाही. प्रबोधन जिथे चूक होते तिथे, चूक करणाऱ्यालाच आणि पुन्हा पुन्हा करावं लागतं. शाळेबाबत ती जागा म्हणजे फाटक, आणि चूक करणारे बहुतेक वेळा मोठे असतात. पुढे एक मूल, मागे एक मूल, दप्तर हँडलला, हेल्मेट कोणालाच नाही. थांबवलं की ठरलेलं उत्तर येतं, “अहो मॅडम, इथेच तर जायचंय.”

नाशिकमध्ये २०२१ साली १५ ऑगस्टपासून हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, अशी मोहीम सुरू झाली. पुढे विनाहेल्मेट दुचाकीस्वारांना ट्रॅफिक पार्कमध्ये नेऊन दोन तास समुपदेशन करायलाही सुरुवात झाली. त्यावर टीका पुष्कळ झाली. माझ्या मते ती दिशा बरोबर होती. पावती भरून माणूस पाच मिनिटांत सुटतो. दोन तास बसावं लागलं तर निदान एकदा तरी तो ऐकतो. “पोलिसांना फक्त पावत्या फाडायच्या असतात” हे मी रोज ऐकते आणि त्याचा मला त्रास होतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली दुचाकीवरची होती आणि त्यांत १४ हजारांहून अधिक मागे बसलेली होती. या आकड्यांतल्या प्रत्येक माणसाच्या घरी निरोप द्यायला आमच्यातलंच कोणीतरी गेलेलं असतं.

हा अंक हातात पडेल तेव्हा पाडवा जवळ आलेला असेल आणि अनेक घरांत नवी दुचाकी येईल. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३८ प्रमाणे दुचाकीसोबत आयएसआय चिन्हाचं हेल्मेट देणं उत्पादकावर बंधनकारक आहे. ते मागून घ्या. मागे बसणाऱ्यासाठी दुसरं विकत घ्या. काचेवरची फिल्म दुकानातच काढा आणि हनुवटीखालचा पट्टा लावून पाहा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताक्षणी डोक्यावरून निघून जातं. आणि घरात अठरा पूर्ण न झालेलं मूल असेल, तर गाडीची चावी त्याच्या हाती लागेल अशा खुंटीवर टांगू नका.