आफ्रिकेची तालीम सातपुड्यात

दुचाकीवरून आफ्रिका पाहण्याची गोष्ट आता जळगाव-धुळ्याच्या मध्यमवर्गीय घरांतही बोलली जाऊ लागली आहे. मुले मार्गी लागली, घराचे कर्ज फिटले आणि गुडघे अद्याप साथ देत आहेत, अशा वयात हे वेध लागतात. या सहलींचे स्वरूप साधारणपणे ठरलेले असते. तेथे भाड्याची मोटारसायकल मिळते. सर्वांच्या पुढे वाटाड्या असतो, शेवटी एक अनुभवी स्वार असतो आणि सामान व औषधे घेऊन एक गाडी मागून येते. दिवसभर खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांवरून जायचे. अभयारण्याच्या दाराशी मात्र दुचाकी ठेवायची. दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर आणि नामिबियातील एटोशा या दोन्ही विख्यात राष्ट्रीय उद्यानांत मोटारसायकलीला प्रवेश नाही. तेथील सिंह आणि हत्ती चारचाकीतूनच पाहावे लागतात.

माझ्याकडे नियमित येणाऱ्या तिघांनी नामिबियाचा बेत आखला. वये ५२, ५८ आणि ६१. एकास मधुमेह, एकास रक्तदाब. तपासण्यांचे कागद समाधानकारक होते. “डॉक्टर, यांना जाऊ द्यावं की नाही, तेवढं स्पष्ट सांगा,” असे त्यांतील एकाच्या पत्नीने मला विचारले. हृदयाचा आलेख आणि रक्तातील साखर यांवरून या प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळते. उरलेले अर्धे मिळावे म्हणून मी त्यांना फेब्रुवारीत खानदेशातच तीन दिवसांची तालीम करण्यास सुचवले आणि माझीही बुलेट बाहेर काढली. दुचाकीवर मुरलेला एक मित्र शेवटचा स्वार झाला, एका पुतण्याने जीप घेतली.

खानदेशची भूमी अशा तालमीस फार सोयीची आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. तापीचे खोरे खचदरीचे आहे, हे आपण शाळेच्या भूगोलात शिकलो. पूर्व आफ्रिकेच्या महाखचदरीचे हे लांबच्या नात्यातील धाकटे भावंडच म्हणावे. केळीच्या ओलसर बागांतून निघालेला माणूस येथे थोड्याच वेळात पानगळ झालेल्या कोरड्या सागवानात पोहोचतो. हवा, धूळ आणि रस्ता तिन्ही बदलतात, आणि शरीराला त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागते.

पहिल्या दिवशी विदगावचा पूल ओलांडून आम्ही यावल, फैजपूर, सावदा या वाटेने निघालो. काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन १९३६ साली झाले, ते याच फैजपुरास. खिरोद्यापुढे घाट लागतो आणि वर पाल हे गाव येते. १९६९ साली घोषित झालेले यावल अभयारण्य याच परिसरात, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून आहे. वनखात्याची परवानगी काढून आम्ही दुचाकी पालला ठेवल्या आणि एका पावरा तरुणासोबत पायी निघालो. त्याने आरंभीच सांगितले, “साहेब, आधी दहा मिनिटं गप्प बसू. कानातली गाडी थांबू द्या.” चार तास इंजिनाचा आवाज ऐकलेल्या कानांना खरोखरच दुसरे काही ऐकू येत नव्हते.

या पानगळीच्या जंगलाचा मानकरी आहे रानपिंगळा. हे छोटे घुबड दिवसाढवळ्या वावरते. १८७३ साली शास्त्राला त्याची ओळख झाली. १८८४ नंतर मात्र त्याचा खात्रीचा पत्ता लागेना आणि तो नामशेष झाला असे मानले गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, पुन्हा दिसला. ११३ वर्षे जगाने हरवला मानलेला पक्षी आपल्याच डोंगरात होता. आम्हां चौघांपैकी तो एकालाच दिसला, आणि तोही ६१ वर्षांच्या सर्वांत संथ गृहस्थांना. दम लागल्यामुळे ते एका बुंध्याशी थांबले होते; तेवढ्यात समोरच्या निष्पर्ण फांदीवर तो येऊन बसला. आम्ही पुढे निघून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी चोपड्यावरून शिरपूर गाठायचे होते. अडावद मागे पडल्यावर शेवटच्या स्वाराने शिट्टी वाजवली. मधुमेही मित्राची गाडी किंचित डावी-उजवी होऊ लागल्याचे त्याने हेरले होते. झाडाखाली बसवून बोटातून रक्त तपासले, तर साखर ५४! सकाळी साखर उतरवणारी गोळी नेहमीप्रमाणे घेतली होती, पण निघण्याच्या घाईत न्याहारी अर्धवट टाकली होती. चार चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, मग कळण्याची भाकरी खाऊ घातली. साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास कोणी किल्ली फिरवली नाही. सावध झाल्यावर ते म्हणाले, “हात वीस मिनिटांपासून थरथरत होते. पण माझ्या एकट्यासाठी सगळ्यांना कशाला थांबवायचं?”

या एका वाक्यासाठी ही तालीम घडली असे मला वाटते. साखर उतरू लागली की घाम फुटतो; घरी तो लगेच कळतो. दुचाकीवर वारा तो पुसून टाकतो आणि शरीराची पहिली सूचना हरवते. तहानेचेही तसेच. उन्हात घाम वाहत असतो, त्वचा मात्र कोरडी लागते, म्हणून पाणी प्यावेसे वाटत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याला याचा त्रास अधिक होतो. अशा वेळी संकोच हाच सर्वांत मोठा धोका ठरतो. आम्ही तेथेच नियम केला: कोणीही डावा हात वर करावा, सर्वांनी थांबावे, कारण विचारू नये.

त्या रात्री शिरपुरास मुक्काम केला. तिसऱ्या दिवशी सकाळी तालुक्यातील अनेर धरण अभयारण्याच्या कडेने थोडे हिंडून महामार्गाने धुळे, तेथून चाळीसगाव आणि पाटणादेवी असा प्रवास झाला. त्या दिवशी हात पाच वेळा वर झाला. कोणाला पाणी हवे होते, कोणाची कंबर धरली होती, एकाला केवळ फुललेला पळस पाहायचा होता. पोहोचायला तासभर उशीर झाला. कोणी कुरकुर केली नाही. पाटणादेवी गौताळा अभयारण्याच्या कुशीत आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने उभारलेल्या मठाची नोंद करणारा शिलालेख येथलाच, सुमारे १२०७ सालचा. चंडिकादेवीच्या मंदिराच्या पायरीवर बसून मी तिघांचे रक्तदाब मोजले. साखर, नाडी, झोप, कंबर, सारे ठीक होते.

त्या वहिनींना मी उत्तर दिले: अवश्य जाऊ द्या. गोळ्यांच्या वेळा त्यांच्या प्रवासाप्रमाणे मी बदलून देतो, आणि हात वर करायला ते आता शिकले आहेत.

आफ्रिकेचा विचार करणाऱ्या कुटुंबांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. केनिया, युगांडा यांसारख्या देशांतून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी ग्राह्य होतो, म्हणून ती वेळेत घ्यावी. साठीपुढील व्यक्तींना ती देण्याआधी डॉक्टरांना नीट विचार करावा लागतो. दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया येथे पीतज्वर नाही. तरी विमान वाटेत कोठे बदलायचे आहे हे पाहावे. हिवतापाची प्रतिबंधक गोळी सहलीच्या भागानुसार डॉक्टर ठरवतील. त्यांपैकी डॉक्सीसायक्लीनने त्वचा उन्हाला हळवी होते, तेव्हा स्वाराने पूर्ण बाह्यांचा अंगरखा आणि हातमोजे सोडू नयेत. परतल्यावर काही महिन्यांतही ताप आला, तर आफ्रिकेचा उल्लेख डॉक्टरांपाशी आधी करावा. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली नसल्यास घ्यावी. इन्सुलिन दुचाकीच्या तापलेल्या पेटीत न ठेवता मागच्या गाडीत थंड डब्यात ठेवावे. खडबडीत रस्त्यावर गुडघ्यांनी टाकी धरून पायांवर किंचित उभे राहिल्यास मणक्याला बसणारे धक्के कमी होतात. याचा सराव घरच्या रस्त्यांवरच करावा.

आणि तालीम करायची ती एकट्याने करू नये. ज्यांच्यासोबत जायचे आहे, त्यांच्यासोबतच तीन दिवस सातपुड्यात घालवावेत. आपल्यासाठी कोण थांबतो आणि कोणासाठी आपण थांबतो, हे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी कळलेले बरे.